पुरूरव्याच्या बाजूने

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली आहे. गाव म्हणावे असे आता त्यात फारसे उरलेले नाही; एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला वाढत जाणाऱ्या इमारती आणि मधून लोहमार्ग. आमचा मुक्काम येथे बऱ्याच वर्षांचा आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना धरणावर नेतो, कारण दुसरे न्यावे तरी कोठे? संध्याकाळी पाण्यावर बगळे आणि पाणकावळे येऊन बसतात. वारा वसाहतीकडून येत नसला तर हवाही बरी असते. अनेक वर्षे वर्गात उर्वशी शिकवल्यामुळे असेल, पण त्या पाण्याकडे पाहताना आम्हांस शतपथ ब्राह्मणातील तळे हटकून आठवते.

कथा वाचकांस ठाऊक आहेच, तरी उजळणी करतो. उर्वशी अप्सरा, म्हणजे अमर. पुरूरवा राजा खरा, पण मर्त्य. ती त्याच्याकडे राहिली ती काही अटींवर. तिच्या शय्येशी बांधलेली मेंढरे गंधर्वांनी पळवली, राजा होता तसाच उघडा धावला, वीज चमकली, अट मोडली आणि ती नाहीशी झाली. मग तो कुरुक्षेत्रात वणवण करीत एका तळ्याशी आला. तळ्यात अप्सरा पाणपक्ष्यांच्या रूपाने विहरत होत्या. उर्वशीने त्याला आधी ओळखले, सख्यांना सांगितले, आणि सख्यांच्या म्हणण्यावरून सगळ्या प्रकट झाल्या. ती पक्षीच राहिली असती तर राजा कदाचित तसाच पुढे निघून गेला असता. हे आम्हांस फार उशिरा सुचले. सुचले म्हणणेही तितकेसे खरे नव्हे. त्याची हकीकत पुढे येते.

आम्ही ही कथा शिकवीत असू ती कालिदासाच्या अंगाने. ‘विक्रमोर्वशीया’चा चौथा अंक हा आमचा हातखंडा. उन्मत्त राजा अरण्यात भटकतो, मोराला विचारतो, कोकिळेला विचारतो, हत्तीला विचारतो, नदीलाच उर्वशी समजतो. वाचताना आमचा आवाज कातर होई आणि वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावे अशी शांतता पसरे. त्या शांततेचा आम्हांस अभिमान होता. या सबंध विलापाच्या काळात उर्वशी कोठे असते? स्त्रियांना मज्जाव असलेल्या कुमारवनात पाऊल टाकल्यामुळे ती वेल झालेली असते. राजा बोलतो आणि ती वेल असते. पुढे संगमनीय मणी हाती घेऊन तो त्या वेलीला मिठी मारतो, तेव्हा ती पुन्हा स्त्री होते, आणि नाटकाच्या अखेरीस नारद इंद्राचा निरोप घेऊन येतो की राजाच्या हयातीपर्यंत तिने त्याच्यापाशी राहावे. कालिदासाचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही. परंतु वैदिक संवादात जी इतके बोलते तिला त्याने ऐन मोक्याच्या अंकात गप्प केले, हे सांगायला आम्ही विसरत असू. खरे तर विसरत नव्हतो. ते सांगितले असते तर ती शांतता पसरली नसती.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका वर्षी आम्ही नाटकाआधी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले पंच्याण्णवावे सूक्त घेतले. अठरा ऋचांचा संवाद. राजा तिला थांब म्हणतो, निष्ठुर म्हणतो, बोलूया म्हणतो. ती म्हणते की आता बोलून काय करायचे, उषांमधली पहिली उषा जाते तशी मी गेले, वारा पकडता येत नाही तशी मी सापडणार नाही, तू घरी जा. हे ती एकदा सांगून थांबत नाही. मुलाचा विषय निघाल्यावर पुन्हा सांगते, आणि त्या वेळी त्याला मूर्खही म्हणते. आम्ही फळ्यावर ‘विप्रलंभ शृंगार’ असे लिहिले. तेव्हा तिसऱ्या बाकावरील एक विद्यार्थिनी उभी राहिली.

“सर, ती नको म्हणते आहे ना? मग याला विरह का म्हणायचं?”

आम्ही म्हणालो, “बाळ, काव्य वाचताना कोर्टकचेरी करायची नसते.” वर्ग हसला. ती बसली.

सहामाही परीक्षेत याच संवादावर दहा गुणांचा प्रश्न होता. तिने पुरूरव्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि उर्वशीबद्दल तीन पाने. आम्ही सहा गुण दिले आणि तांबड्या शाईने शेरा मारला: ‘रसचर्चा अपुरी’. दुसऱ्या सत्रात ती आली नाही. पुढे एका सहकारी बाईंकडून कळले की एक मुलगा तिच्यासाठी रोज फलाटावर उभा असे. पूर्वी त्यांची मैत्री होती. ती तिने संपवली होती. त्याने गाडीखाली जीव देण्याची धमकी दिली होती. म्हणून ती रोज रात्री त्याला फोन करून तो जिवंत आहे ना याची खात्री करून घेई. लोकांनी त्या फोनांचा अर्थ आपल्या परीने लावला. घरच्यांनी तिला दुसऱ्या जिल्ह्यात नातलगांकडे पाठवले. आणि मुलगा? तो काही दिवस फलाटावर दिसे, मग दिसेनासा झाला, इतकेच आम्हांस ठाऊक आहे.

त्यानंतर ते सूक्त आम्ही पुन्हा वाचावयास घेतले. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचे मराठी भाषांतर शेजारी होते. चौदाव्या ऋचेत राजा म्हणतो की मी आता दूर जाऊन पडेन, निर्ऋतीच्या मांडीवर निजेन, लांडगे मला खाऊन टाकोत. वर्षानुवर्षे ही ऋचा आम्ही करुण म्हणून वाचली होती. ती धमकी आहे. आणि लागलीच उर्वशी म्हणते की मरू नकोस, पडू नकोस. ही अमर स्त्री, जिला त्याच्या मरणाने तसूभर इजा व्हायची नाही, तीही त्याला मरू नकोस म्हणते. कारण मरण त्याचे असले तरी त्याचा बोल तिला लागणार, आणि अमर असल्यामुळे तो कधीच फिटणार नाही. मर्त्य स्त्रीची सुटका निदान एक दिवस होते. उर्वशीची ती सोयही नाही.

त्याच ऋचेत पुढे तिच्या तोंडी ते कुप्रसिद्ध वचन येते की स्त्रियांशी सख्य होत नसते, त्यांची हृदये तरसांची असतात. स्त्रीनिंदेसाठी हे वचन पुष्कळांनी वापरले आहे. ते वचन एका स्त्रीच्या तोंडी आहे, आणि जीव देऊ म्हणणाऱ्या माणसासमोर आहे, याचा विचार आम्ही केला नव्हता. आमच्या समजुतीप्रमाणे तो सिद्धान्त नाही, ती युक्ती आहे. मीच वाईट आहे, माझ्यात जीव गुंतवण्यासारखे काही नाही, तू जा. पिच्छा सोडवण्यासाठी मुली अजूनही हेच बोलतात. मग सोळाव्या ऋचेत ती सांगते की मर्त्यांमध्ये मी चार शरद राहिले, दिवसाकाठी तुपाचा एक थेंब खाल्ला, त्यावर अजून तृप्त आहे. या बोलण्यात राग नाही. त्याच्याशी घालवलेल्या दिवसांना ती नावे ठेवत नाही. तिला फक्त परत जायचे नाही. या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात हे राजाला कळत नाही. आम्हांसही कळत नव्हते.

अटींपैकी एक अट आम्ही वर्गात संकोचाने गाळत असू: माझी इच्छा नसताना माझ्याजवळ येऊ नकोस. शतपथ ब्राह्मणात ती स्वच्छ शब्दांत आहे. उघडे न दिसण्याची अट सर्वांना पाठ असते, कारण कथा तिच्यावर मोडते. ही दुसरी मोडली की नाही, हे ब्राह्मणकार सांगत नाही. मात्र सूक्ताच्या पाचव्या ऋचेत उर्वशी तिच्या अनिच्छेबद्दल जे बोलते, ते शृंगार म्हणून वाचताना आमच्यासारख्या अनेकांच्या लेखण्या अडखळल्या नाहीत.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा याच विषयावरील निबंध त्यांच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या पुस्तकात आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक असताना ते पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईस जा-ये करीत. म्हणजे आमच्या या रुळांवरून त्यांची किती वेळा ये-जा झाली असेल! गाडी येथे थांबत नाही, हा भाग वेगळा. कोसंबींच्या मते हा संवाद एका प्राचीन विधीचा अवशेष आहे: देवतेसारख्या उर्वशीशी संग करून पुत्र झाल्यावर पुरूरव्याचा बळी द्यायचा आहे, आणि तो विनवण्या करतो त्या प्रेमासाठी नव्हेत, प्राणांसाठी. हे मत सर्वांस पटलेले नाही. आम्हांसही सबंध पटत नाही. त्यांच्या वाचनात भय पुरुषाच्या वाट्याला येते, आमच्या विद्यार्थिनीच्या वाचनात स्त्रीच्या. पण दोघांनाही तेथे भय दिसले. कोसंबींचा निबंध आमच्या कपाटात होता, आम्ही तो वाचला होता, त्यावर टिपणेही काढली होती. आणि तरीही फळ्यावर शृंगारच लिहिला.

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२चे, म्हणजे इसवी सन १०६०चे. शिलाहार मुम्मुणिराजाचा लेख तेथे आहे. बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी आहेत. दगड झिजल्यामुळे कित्येकींना चेहरा उरलेला नाही, अंगाची वळणे मात्र उरली आहेत. अभ्यासक, भाविक आणि हौशी छायाचित्रकार त्यांच्याकडे हजार वर्षांच्या हक्काने पाहतात. देवळाच्या पायथ्याशी वालधुनी आहे; ती पुढे उल्हासनगरात जाते. त्या उल्हासनगरात मार्च १९९०मध्ये दहावीच्या परीक्षेच्या वर्गात शिरून एका तरुणाने एका मुलीला पेटवून दिले. तिचे नाव त्या पिढीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आम्ही ते येथे लिहीत नाही. लिहिले की ते त्याच्या नावाला जोडून येते. वर्तमानपत्रांनी अशा घटनांसाठी ‘एकतर्फी प्रेम’ हा शब्दप्रयोग रूढ केला. त्यात ‘एकतर्फी’ शब्द गुन्ह्याकडे बोट दाखवतो आणि ‘प्रेम’ शब्द लगेच त्याला माफी देतो. ती मुलगी आजही दहावीतच आहे. अशा अमरपणाला काय म्हणावे, यासाठी आमच्याजवळ शब्द नाही, आणि त्याला काव्याची उपमा द्यावी असे तर मुळीच वाटत नाही.

ती घटना घडली तेव्हा आम्ही शिकवीतच होतो. त्या वर्षी आणि त्यापुढच्याही प्रत्येक वर्षी चौथा अंक वर्गात झाला, त्याच कातर आवाजात.

आता सूक्त शिकवायचे झाले तर आम्ही प्रथम उर्वशीच्या ऋचा वेगळ्या काढून एकापाठोपाठ एक वाचू, राजाचे बोलणे मध्ये येऊ न देता. घरी तसे करून पाहिले आहे. तिचा स्वर कोठेही चढत नाही. ती समजावते, टाळते, कठोर होते, मरू नकोस म्हणते, जुने दिवस मानते आणि जायचे ते जातेच. अखेरच्या ऋचेत देवांचा निरोप येतो की तू मृत्यूला बांधलेला आहेस, तुझी प्रजा हविर्भाग देईल आणि तुला स्वर्गात आनंद मिळेल. तेथे ती त्याला भेटेल असे त्या ऋचेत कोठेही नाही. ते आम्ही आमच्या पदरचे घालत आलो.

निवृत्तीनंतर कागदपत्रे आवरताना त्या वर्षीची गुणवही सापडली. त्या नावापुढे सहाचा आकडा आहे.