काचेपलीकडची आई

चेहरा म्हणजे मनातल्या भावनांचा आरसा, एवढीच चेहऱ्याची ओळख आपण धरून बसतो. बालमानसशास्त्रात मात्र त्याचं दुसरं काम मला अधिक मोलाचं वाटतं. जे धड उमगत नाही त्याचा अर्थ मूल दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून लावतं. सोर्स, एम्डे, कॅम्पोस आणि क्लिनर्ट यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग हा याचा सर्वांत भक्कम पुरावा. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० मध्ये मांडलेला काचेचा मंच त्यांनी वापरला. त्याच्या अर्ध्या भागात नक्षीचं कापड काचेला लागून असतं, उरलेल्या अर्ध्यात ते खाली सोडलेलं असतं. खोली खूप असली तर रांगणारी बहुतेक मुलं कडेलाच थांबतात. या संशोधकांनी ती फक्त सुमारे ३० सेंटिमीटर ठेवली, म्हणजे धोका आहे की नाही हे नुसतं बघून ठरवता येऊ नये. पलीकडे आई गप्प उभी, बोलायचं ते चेहऱ्यानेच. वर्षभराची मुलं कडेशी थबकली आणि त्यांनी वर पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर आनंद होता तेव्हा १९ पैकी १४ मुलं काच ओलांडून गेली. भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की मुलाने अर्थबिर्थ काही लावला नाही. आईची भीती त्याला लागली आणि ते गोठलं. तसं असतं तर भेदरलेल्या चेहऱ्याने मुलाला कुठेही रोखलं असतं. पण त्याच संशोधकांनी मंचावरची खोली काढून टाकली, तेव्हा बहुतेक मुलांनी आईकडे पाहिलंच नाही, सरळ पुढे गेली. ज्यांनी पाहिलं ती भीतीचा चेहरा बघून जरा घुटमळली, तरी त्यांतलीही बहुतेक पुढे सरकली. डोळ्यांना स्वच्छ दिसत असेल तिथे चेहऱ्याची सत्ता चालत नाही. ती चालते संदिग्धतेत, आणि तिथे मूल स्वतः होऊन ती मागायला येतं. दुसरा आक्षेप मी मान्य करते: आई एरवी अशी मुकी नसते. वैश आणि स्ट्रियानो यांच्या २००४ मधल्या प्रयोगात नुसत्या चेहऱ्यापेक्षा आईच्या आवाजाने मुलं लवकर पलीकडे गेली. म्हणजे चेहरा एकटा नाही, पण मूळ मुद्दा त्याने ढळत नाही.

मूल धडपडलं की आपल्याकडे ‘मुंगी मेली’ म्हणतात, त्यामागची जाण मला खरी वाटते. किरकोळ पडणं हा मुलासाठी त्या ३० सेंटिमीटरसारखाच अनिश्चित प्रसंग असतो. मात्र खरंच लागलं असेल तर वेदना ही त्याची स्वतःची, स्पष्ट माहिती असते. तिथे हसरा चेहरा पुढे करणं म्हणजे मुलाला खोटं ठरवणं. म्हणून पालकांना माझी विनंती आहे: मूल पडलं की दचकू नका आणि हसूही नका, आधी कुठे लागलंय ते नीट बघा. तेवढ्या वेळात ते तुमच्याकडे बघत असतं.