काढून ठेवलेला पंप

बावड्यात 'पंप' म्हटले की डोळ्यांपुढे विहिरीवरची मोटार येते, नाही तर रस्त्याकडेचा पेट्रोल पंप. 'साखर किती?' हा प्रश्नही इथे बहुधा उसाच्या उताऱ्याविषयीच असतो. अशा गावात आमच्या मुलीच्या कमरेला तीन वर्षे इन्शुलिनचा पंप होता. गेल्या वैशाखात तिने तो काढून ठेवला.

आम्ही उभयता मराठी शिकवतो. नातेवाइकांना आम्ही सांगत होतो, 'तिने पंप सोडला.' तिने आमची भाषा दुरुस्त केली, 'सोडला नाही आई, काढून ठेवलाय.'

खर्चाचे कारण सर्वांना पटते. यंत्राला काही लाख, पुढे नळ्या-सुयांचा न संपणारा खर्च. ते खरेच. दर दोन-तीन दिवसांनी पोटावरची जागा बदलायची, उन्हाळ्यात घामाने चिकटपट्टी सुटायची, हेही खरे. शिवाय पंपात फक्त जलद इन्शुलिन असते. नळी दुमडली तर अंगात साठा उरत नाही आणि काही तासांतच रक्तात कीटोन वाढू लागतात. एका रात्री तसेच झाले. पहाटे उलट्या, आणि मग बारामतीपर्यंतचा तो रस्ता! त्याविषयी आम्ही अजूनही फारसे बोलत नाही.

तरी यामुळे तिने तो काढला, असे म्हणणे आम्हांला सोयीचे आहे एवढेच. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत किशोरवयीन लिओनार्ड थॉम्प्सनला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. त्यापूर्वी हा आजार म्हणजे मरणच होते. तेव्हा सुईपासून पंपापर्यंतची वाट पुढेच जाते आणि मागे फिरणे हा अविचार, अशी आमची समजूत होती. (साहित्याच्या इतिहासात असली सरळ रेषा आम्ही विद्यार्थ्यांना कधी काढू देत नाही.)

पंप सारे नोंदवून ठेवतो. रोज संध्याकाळी आम्ही ती नोंद उत्तरपत्रिका तपासावी तशी तपासत असू. दुपारी तीनला आकडा का चढला? मैत्रिणीकडे काय खाल्लेस? एकदा ती शांतपणे म्हणाली, 'हा माझ्या कमरेला असतो, पण आहे तुमचाच.'

आता रात्री दीर्घकाळ टिकणारे इन्शुलिन आणि जेवणाआधी जलद, दोन्ही ती पेनने स्वतः टोचून घेते. पहिल्या तिमाहीत सरासरी थोडी वाढली. आम्ही गप्प राहिलो. ते जमले असे मात्र म्हणवत नाही. पंप कपाटात आहे, बॅटरी काढून.

परवा पालखी गावातून गेली. वारकऱ्यांना जेवण वाढून ती दमून आली, बोट टोचून तपासले आणि आपणहून म्हणाली, 'एकशे बासष्ट.' काय खाल्लेस, हा प्रश्न आमच्या दोघांच्याही ओठांवर आला होता.