आधी प्रोसेसर, कार्ड मागाहून

२०२१च्या दिवाळीआधी धाकट्या भावाने धोशा लावला होता, "ताई, मला गेमिंगचा पीसी हवा." मी तेव्हा मळवलीहून लोकलने शिवाजीनगरला कामाला जायचे. बोनस हातात आला होता, मॉनिटर घरचाच होता, म्हणून पन्नास हजारांपर्यंत जायची तयारी ठेवली. लोणावळ्याहून गाडी धरली, दादरला बदलली आणि ग्रँट रोडला उतरून दोघं लॅमिंग्टन रोडला पोहोचलो.

तिथे आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स कार्डाचा भाव ऐकून भाऊ गप्पच झाला. एकट्या कार्डातच आमचे सगळे पैसे संपत होते. चिपचा तुटवडा होता आणि इथेरियमच्या मायनिंगसाठी लोक कार्डं गठ्ठ्याने उचलत होते.

दुकानदार म्हणाला, इंटेलचा ११४००एफ प्रोसेसर घ्या, स्वस्तात पडेल. पण नावातल्या त्या 'एफ'चा अर्थच मुळी आत ग्राफिक्स नाही असा. कार्ड नसेल तर पडद्यावर काही दिसणारच नाही. रायझन ५६००एक्सचंही तेच. शेवटी आम्ही ५६००जी घेतला. सहा कोअर, आणि चित्र काढायची सोय त्याच्या पोटातच. यात तोटा होता, तो मी भावाला तिथेच सांगितला: ५६००एक्सची एल-थ्री कॅश ३२ एमबी, याची १६, आणि पुढे कार्ड लावलं तरी ते जुन्या पीसीआयई ३च्या वेगानेच बोलणार. तो म्हणाला, "चालेल. आत्ता खेळता तर येईल."

रॅमवर मात्र मी अडून बसले. दुकानदार १६ जीबीची एकच पट्टी देत होता. पोटातलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, ते रॅमच वापरतं, आणि एकाच पट्टीत त्याला वाट अपुरी पडते. म्हणून ८-८च्या दोन पट्ट्या लागतात, नाहीतर फ्रेम सरळ पडतात. या एका गोष्टीपायी कितीतरी चांगले प्रोसेसर उगाच बदनाम होतात.

घरी जेवणाच्या टेबलावर जोडणी केली. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो. तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. खालच्या १,३३१ पिनांपैकी एक जरी वाकली तरी संपलं. भावाने श्वास रोखून प्रोसेसर सोडला, तो अलगद आपल्या जागी बसला, मग त्याने खटका खाली केला. आई दारात उभी राहून बघत होती.

व्हॅलोरंट सेकंदाला शंभरावर फ्रेमने चालू लागला. तो प्रोसेसरवर जास्त विसंबतो, त्यामुळे तिथे कार्डाची उणीव भासली नाही. फोर्झा होरायझन ५ मात्र ७२० पिक्सेलवर उतरवावा लागला. कोणता गेम कुणाच्या जिवावर चालतो हे भाऊ इथे शिकला, आणि मला वाटतं खरेदीच्या आधी विचारायचा प्रश्न तोच आहे.

१५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली. त्याआधीच कार्डांचे भाव उतरायला लागले होते. मायनिंगमध्ये वापरलेली कार्डंही स्वस्तात मिळू लागली, पण ती मी नको म्हटलं. मळवलीच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. रात्रंदिवस तापलेलं, वॉरंटी संपलेलं कार्ड या दमट हवेत आणायचं मला धाडस झालं नाही.

नव्यांमध्ये आरएक्स ६६०० की आरटीएक्स ३०६०, यावर आमचं आठवडाभर चाललं. ३०६०ला मेमरी १२ जीबी, ६६००ला ८. पण ३०६० खाते १७० वॉट, ६६०० भागवते १३२ वॉटमध्ये. आमच्याकडे विसापूर किल्ल्यावर ढग उतरले की दिवे जातात, आणि घरातला यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॉटचा. आमचा मॉनिटर १०८० पिक्सेलचा, त्याला ८ जीबी पुरत होते. मी ६६००च्या बाजूने कौल दिला.

कार्ड लावलं त्याच आठवड्यात, फोर्झा पूर्ण १०८०वर चालू असताना वीज गेली. यूपीएस ओरडू लागला. अंधारात पडद्याचा उजेड भावाच्या तोंडावर होता. त्याने गेम नीट बंद केला, पीसी बंद केला आणि मग आईला मेणबत्ती शोधून द्यायला उठला.