सोळाच्या आकड्यावरचं ऊन

वर्ध्याचं ऊन जुन्या कॅमेऱ्याला एका परीनं मानवतं आणि एका परीनं बाधतं. मुंबई-कोकणाकडून आलेल्या लेन्सवर टॉर्च मारून पाहा, आत बुरशीचे पांढरे तंतू दिसतात. खाऱ्या दमट हवेनं काचही सोडलेली नसते. आपल्या कोरड्या हवेत ती तक्रार कमी. पण मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे गेला, की पत्र्याच्या कपाटातल्या कॅमेऱ्याचं वंगण पातळ होऊन झिरपू लागतं आणि लेन्सच्या आतल्या पात्यांवर तेल चढतं. मग ती पाती उघडायला कुरकुरतात. म्हणून कॅमेरा आजवर कुठं राहिला, हे आधी विचारावं. लोक आधी किंमत विचारतात.

असे कॅमेरे सापडतात ते तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत. आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, कुठंही जा. पुढे झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो, मागे पडद्यावर रंगवलेला धबधबा आणि कपाटाच्या वरच्या खणात चामड्याच्या खोळीतली मंडळी: याशिका, झेनिट, नशीब असेल तर पेंटॅक्स के-१०००. हा पेंटॅक्स १९७६ साली आला आणि वीस वर्षांवर फारसा न बदलता निघत राहिला. त्याची बॅटरी फक्त मीटरपुरती. ती संपली तरी खटका पडतोच. शिकणाऱ्याला मी डोळे मिटून हाच सुचवीन. ‘काकाजी, चालू हाये का?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र ठरलेलं: ‘रोल टाक ना बाप्पा, मंग सांग मले.’ रागावू नये. फिल्मच्या कॅमेऱ्याचं खरंखोटं रोल धुतल्यावरच कळतं.

तरी कान आणि बोट यांना कामाला लावावं. वेग एक सेकंदावर ठेवून खटका दाबायचा आणि ऐकायचं. आतली चाकं एकसारखी घरघरली तर तब्येत बरी. अडखळली तर ग्रीस सुकलंय. झाकणाच्या खाचेतला फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर घाबरायचं कारण नाही, तो थोडक्यात बदलता येतो. शटरच्या कापडी पडद्याला भोक दिसलं तर मात्र नमस्कार करून निघावं. १९६६ सालचा याशिका इलेक्ट्रो ३५ देखणा खरा, पण तो पाऱ्याच्या सेलवर चालणारा. ते सेल आता निघत नाहीत. दुसरे सेल बसवून जुगाड करावं लागतं. ज्याला जुगाडाची हौस आहे, त्यानं घ्यावा.

सगळ्यांत गरीब आणि माझा लाडका म्हणजे बडोद्याला बनलेला आगफा क्लिक थ्री. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, बाकी बटणांची भानगड नाही. एके काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल मिळे. तो कारखाना बंद पडला. आता परदेशी रोल घ्यायचा आणि तो कित्येकदा कॅमेऱ्याहून महाग पडतो. फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवावा लागतो तो वेगळाच.

काटकसरीत फोटो काढणं वर्ध्याला नवं नाही. सेवाग्रामच्या आश्रमात कनू गांधी होते, बापूंचे पुतणे नारणदास यांचा मुलगा. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांच्या हाती रोलीफ्लेक्स आला. बापूंनी परवानगी दिली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला पोज द्यायला सांगायचं नाही, आश्रम पैसे देणार नाही. कनू वर्तमानपत्रांना फोटो देऊन खर्च भागवत. रोलीफ्लेक्समध्ये मान खाली घालून वरून बघायचं असतं, समोरच्यावर डोळा रोखला जात नाही. दुसरी अट निम्मी त्या यंत्रानंच पाळली असावी, असं मला आपलं वाटतं.

खरेदीची यादी मी याच अटींवर घासून घेतो. फ्लॅशगन नको, पडून पडून बहुतेक मेलेल्याच असतात. जुना सेलेनियमचा लाइट मीटर दिसायला गोड, पण त्याचाही जीव बहुधा गेलेला. वर्ध्यात तो हवाय कशाला? रोल १०० चा, वेग १२५, आणि लेन्स सोळाच्या आकड्यावर: चैत्रातल्या दुपारी हा हिशेब सहसा चुकत नाही. पिवळा फिल्टर मात्र जरूर घ्यावा. कपाशीच्या काळ्या रानावर मृगाचे ढग चढतात तेव्हा कृष्णधवल रोलवर त्याशिवाय मजा नाही. खोळ मिळाली तर हौसेनं घ्या, पण पावसाळ्यात कॅमेरा तिच्यात कोंडू नका. चामडं ओल धरतं. आणि स्टुडिओवाल्या काकाजींशी दोनशे रुपयांसाठी हुज्जत घालू नका. त्या यंत्रानं त्यांचं घर चालवलंय.

तुमच्याच माळ्यावर एखादा क्लिक थ्री असेल, तर भंगारात देण्याआधी त्याची पाठ बघा. तिथल्या लाल खिडकीत आकडा दिसला, तर आत रोल आहे. झाकण उघडू नका. चावी फिरवून रोल शेवटपर्यंत गुंडाळा, मगच अंधारात काढा आणि धुवायला पाठवा.