डबल क्लच, व्हाया स्टुटगार्ट

जर्मनीतल्या स्टुटगार्टला जाणारे मराठी लोक दोन प्रकारचे. एक, कंपनीने पाठवलेले. दुसरे, कंपनीने पाठवलेल्यांकडे राहायला गेलेले! मी दुसऱ्या प्रकारातला. माझी मावसबहीण आणि जिजू तिथे नोकरी करतात. “अरे, युरोपात येऊन पॅरिस सोडून इथे काय बघणार?” ताईने विचारलं. पण ज्याच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर वर्षानुवर्षं पोर्शे ९११ आहे आणि पार्किंगमध्ये सेकंडहँड हॅचबॅक, त्याला काय सांगणार? बॉस, आपलं पंढरपूर तेच.

शहर मात्र अजिबात फॅक्टरीसारखं दिसत नाही. एका खोलगट वाडग्यात वसलेलं, चहूबाजूंनी टेकड्या, टेकड्यांवर चक्क द्राक्षमळे आणि घरांच्या मधून वर जाणाऱ्या अगणित पायऱ्या. चालून पाय मोडले की मारिएनप्लात्झहून देगरलोखला जाणारी ‘त्साके’ पकडायची. १८८४ पासून चालू असलेली ही दातेरी रुळांची छोटी ट्रेन. रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी, गाडीखाली दातेरी चाक. दात्यात दाता अडकला की केवढाही चढ असो, गाडी घसरत नाही. ज्या शहराला दातेरी चाकांची सवय एवढी जुनी, तिथे गिअरबॉक्सवर जीव टाकणारे लोक निघाले यात नवल काय?

आता थोडं घरचं. माझे बाबा ३१ वर्षं एसटी चालवत होते. सुरुवातीच्या जुन्या गाड्यांवर गिअर सहजासहजी पडायचा नाही. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अॅक्सिलरेटरचा एक हलका ठोका, परत क्लच, मग गिअर. याला म्हणायचं ‘डबल क्लच’. इंजिनाचा आणि चाकांचा वेग जुळला नाही तर दाते असे करकरायचे की शेवटच्या सीटवरचा माणूसही जागा व्हायचा. “गिअर हाताने नाही, कानाने टाकायचा,” हे बाबांचं वाक्य. मला गाडी शिकवताना खंबाटकी घाटात ते डोळे मिटून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून “आता!” म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, क्लच विसरा. आम्ही म्हटलं, ऑटोमॅटिक घेऊ. बाबा म्हणाले, “ती रिटायर्ड लोकांची गाडी.” “बाबा, तुम्ही रिटायर्डच आहात!” “मी आहे, माझं ड्रायव्हिंग नाही.” विषय खल्लास. तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्सुफेनहाउझेनच्या पोर्शे म्युझियममध्ये शिरलो. २००९ मध्ये उघडलेली ही पांढरीशुभ्र इमारत तीन खांबांवर अशी तोललेली आहे की आत्ता उडेल असं वाटतं. आत ८० हून जास्त गाड्या. लोक रंगांचे फोटो काढत होते. मी मात्र प्रत्येक काचेतून आत डोकावत होतो... पेडल किती? दोन की तीन?

आणि इथेच पहिला धक्का. ऑटोमॅटिक म्हणजे आळशी लोकांची गाडी, हे आपलं ठाम मत. पण पोर्शेने १९६७ मध्येच क्लचचं पेडल काढून ‘स्पोर्टोमॅटिक’ बाजारात आणली होती! गिअर चारच, तेही हातानेच टाकायचे. पण दांड्याला हात लागला की क्लच आपोआप सुटायचा. लोक हसले असतील, तर त्याचं उत्तर त्याच वर्षी मिळालं. न्युर्बुर्गरिंगवरची सलग ८४ तासांची शर्यत व्हिक एलफर्ड, हान्स हेरमान आणि योखेन नेर्पाश या तिघांनी स्पोर्टोमॅटिक बसवलेल्या ९११ आर ने जिंकली. ८४ तास! रिटायर्ड लोकांची गाडी, म्हणे.

तरीही ऑटोमॅटिकला नावं ठेवणारे अगदीच चुकीचे नव्हते. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. एक पंखा तेल ढवळतो, त्या तेलाने दुसरा पंखा फिरतो. गाडी मऊ चालते, पण थोडी ताकद तेलातच मुरते. पाय दाबल्यावर गाडी आधी विचार करते, मग निघते. स्पोर्ट्स कारमध्ये हा विचार कोणाला परवडतो?

यावर पोर्शेच्या इंजिनिअर्सनी काढलेला तोडगा वाचला आणि मी त्या बोर्डासमोर मोठ्याने हसलो. तोडगा काय? दोन क्लच! एका क्लचवर एक, तीन, पाच, सात. दुसऱ्यावर दोन, चार, सहा. तुम्ही तिसऱ्यात पळत असता तेव्हा चौथा आधीच तयार असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो. ताकद तुटतच नाही. याचं नाव पीडीके. १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसिंग कारवर तो तावूनसुलाखून निघाला. १९८६ मध्ये मोंझाला जिंकलाही. रोजच्या वापराच्या ९११ मध्ये मात्र तो आला २००८ मध्ये, कारण दोन्ही क्लच सफाईने सांभाळायला लागणारा कॉम्प्युटर तेवढा हुशार व्हायला वेळ लागला.

आकडे बघा. २००८ ची ९११ कॅरेरा हाताच्या गिअरवर शून्य ते १०० ला ४.९ सेकंद घ्यायची, पीडीकेवर ४.७. टॉप स्पीड सहाव्यातच गाठायची, सातवा गिअर फक्त पेट्रोल वाचवायला. म्हणजे गाडी जास्त फास्ट आणि कमी खर्चीक. हाताची सुट्टी!

दुसऱ्या दिवशी जिजूंनी दिवसभरासाठी भाड्याने ९११ घेतली. (बिलाचा आकडा ताईला अजून माहीत नाही.) शहराच्या पश्चिमेला सॉलिट्यूड नावाचा ११.४ किलोमीटरचा जुना रेसट्रॅक आहे. १९६२ मध्ये डॅन गर्नीने इथेच पोर्शेच्या फॉर्म्युला वन कारने शर्यत जिंकली. १९६५ नंतर शर्यती थांबल्या आणि आता तो जंगलातून जाणारा साधा रस्ता आहे, स्पीड लिमिटसकट. वळण आलं, मी ब्रेक दाबला. गाडीने चौथ्यातून तिसरा टाकला आणि टाकताना स्वतःच अॅक्सिलरेटरचा एक हलका ठोका दिला... व्रूम! अंगावर काटा आला. हा ठोका माझ्या ओळखीचा होता.

जिजूंना चालवायला देऊन मी तो आवाज रेकॉर्ड केला आणि बाबांना पाठवला. दहा मिनिटांनी फोन. “ड्रायव्हर कोण आहे?”

“कोणी नाही, बाबा. गाडीच टाकते गिअर.”

बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “दुसऱ्या वळणाला जरा लवकर टाकला. बाकी हात चांगला आहे.”

मला वाटतं, सगळं त्यातच आलं. यंत्राने बाबांची कला संपवली नाही, ती शिकून घेतली. वेग जुळवणं, पुढचा गिअर आधी ओळखणं, हे कोण्या ड्रायव्हरला आधी कळलं म्हणूनच कॉम्प्युटरला शिकवता आलं. पण हाताचा आनंद यंत्राला देता येत नाही, हेही खरंच. २०१३ मध्ये पोर्शेने ९११ जीटी३ फक्त पीडीकेमध्ये आणली, तेव्हा चाहते इतके भडकले की २०१७ मध्ये मॅन्युअल परत द्यावा लागला. कमी वेगाचा असूनही! ज्यांचा गुडघा धड आहे त्यांनी ही चैन जरूर करावी. ज्यांचा नाही, त्यांनी गाडीच का सोडायची?

आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओने एएमटी आणल्यापासून बिनक्लचची गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आहे. एकच क्लच, तोही यंत्र दाबतं, त्यामुळे गिअर बदलताना हलका हिसका बसतो. येत्या रविवारी आमची टेस्ट ड्राइव्ह आहे. बाबा ‘नुसते बघायला’ येणार आहेत. सेल्समनची दया येते!

जाणार असाल तर : एस६ लोकलने ‘नॉयविर्त्सहाउस (पोर्शेप्लात्झ)’ स्टेशनवर उतरा, म्युझियम समोरच आहे. सोमवारी बंद. गाडी भाड्याने घेणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट जवळ ठेवा. आणि ऑटोबानवर लिमिट नसलेल्या पट्ट्यातही १३० चा सल्ला असतो, तो ऐका. परत येऊन चांदणी चौकात फर्स्ट गिअरवरच रांगायचं आहे!