बहिष्कार घालण्याआधी

आमचा भाचा तलासरीकडच्या एका वह्या-डायऱ्यांच्या कारखान्यात कंत्राटी कामाला होता. भविष्यनिर्वाह निधीची पावती मागितली म्हणून त्याला आणि आणखी अकरा जणांना जूनमध्ये गेटबाहेर काढले. रविवारी वंदनेनंतर विहारात ठरले, या कंपनीची एकही वही कोणी घ्यायची नाही. आम्ही दोघे नवरा-बायको घरोघर फिरलो. डहाणूतल्या कामगार बांधवांनी साथ दिली. दोन पतसंस्थांनी डायऱ्यांची ऑर्डर रद्द केली. आमची छाती फुगली.

दिवाळीनंतर गंजाडच्या बाजूला जाणे झाले. याच गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रे जगभर नेली आणि 2011 साली पद्मश्री मिळवली. पूर्वी लग्नात बाया तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवचौक लिहीत. आज त्या कलेवर कितीतरी घरांची चूल पेटते. एका पाड्यावर ओसरीत पुठ्ठ्यांची चवड दिसली. त्याच कंपनीच्या डायऱ्यांची कव्हरे! प्रत्येकावर तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारी माणसे.

घरची बाई म्हणाली, "ताई, एजंट माल उचलत नाही. म्हणतो, लोकांनी बहिष्कार टाकला. आमी कोणाचं काय केलं?"

आमच्या तोंडून शब्द फुटेना. एजंट खरे बोलत होता की निमित्त सांगत होता, कोण जाणे. पण वरचा तोटा आधी खालच्याच्या ताटातून कापला जातो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

वाचकहो, बहिष्कार म्हणजे काय ते आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? दळण बंद, किराणा बंद, मजुरी बंद. बाबासाहेबांनी 1927 साली पाक्षिक काढले, त्याचे नावच 'बहिष्कृत भारत'. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 साली कायदा करावा लागला. मग आम्हीही तेच केले का?

नाही, तेच नव्हे. जातीचा बहिष्कार वरून खाली पडतो, माणसाला वाकवण्यासाठी. आमचा खालून वर होता, हक्काच्या पैशासाठी. पण वर मारलेला दगड मध्येच कोणाच्या डोक्यात पडला, तर "नेम वर होता" म्हणून सुटका होत नाही.

याच मुलखात 23 मे 1945 रोजी झरी गावी वारली बांधव जमले आणि वेठ नाकारली. पुढे 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळेपर्यंत विळा हाती धरायचा नाही, असा संप झाला. 10 ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यांनीही उपास काढले, पण ते स्वतः ठरवून. या चित्रकार बाईला आम्ही विचारले कधी?

घरी येऊन बहिष्कार मागे घेण्याची गोष्ट काढली. भाचा म्हणाला, "मामी, आता मागे फिरलात तर आम्ही बारा जण कायमचे बुडालो." तेही खोटे नव्हते.

शेवटी विहारात पुन्हा बसलो. वह्या घ्यायच्या नाहीत, हे कायम ठेवले. मात्र वर्गणी काढून ती कव्हरे आम्ही पाड्यावरून थेट घेतली, कोऱ्या कागदांच्या वह्या बांधल्या आणि मुलांना वाटल्या. पुढच्या कामाचे पैसे आगाऊ दिले. पाच घरांपैकी दोनच घरांना पुरेल एवढे काम आम्ही देऊ शकलो. उरलेल्या तिघांपैकी एक जण मुलाबाळांसह वीटभट्टीवर गेला. त्याची भरपाई आमच्याकडे नाही.

बारा जणांचा अर्ज कामगार कार्यालयात पडून आहे. आमची तारीख पे तारीख चालू आहे. विहारात मात्र एक नियम केला आहे: कोणत्याही मालावर बहिष्कार घालण्याआधी तो माल कोणाकोणाच्या हातून होतो याची यादी करायची, आणि त्यातल्या सर्वांत गरीब घरी आधी जाऊन बसायचे. आपल्या वस्तीत असा प्रसंग आला असेल, तर तुम्ही काय केले ते आम्हाला जरूर कळवा.