बेडशाच्या पोढीतले पाणी

मावळात बेडसे लेण्यांच्या पायऱ्या चढून आलात, की कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतील. जुन्या भाषेत ती ‘पोढी’. सामडिनिका नावाच्या महारठिणीने दिलेल्या पोढीचा ब्राह्मी लेख येथेच आहे. पाणी नितळ दिसते, पण नितळपणावर आपण विसंबू नये. माणसे, माकडे, वटवाघळे यांच्या आतड्यांत ई. कोलाय जिवाणू राहतो. बहुधा तो स्वतः निरुपद्रवी. मात्र विष्ठा मिसळल्याची चुगली करतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो मुळीच आढळता कामा नये. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना साधे जुलाबही मूत्रपिंडापर्यंत भोवतात. तेव्हा घरचे उकळलेले पाणी सोबत न्यावे. तीर्थ म्हणून ओंजळभरही येथले नको.